फक्त लिहायला उघडायचं

खालच्या चेंबरचं टर्मिनल फक्त लिहायला उघडायचं. वाचायला उघडायचं नाही. आणि उघडताना वाट बघायची नाही.

मी ऑफिसात कामाला लागले त्याच दिवशी हा नियम मला सांगण्यात आला.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? नाही उघडायचं," काका म्हणाले. "प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस, लवंगी."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाबा आणि काका, दोघं भाऊ मिळून आमचं कोल्ड स्टोरेज चालवतात. कोणी 'का' विचारलं की एक भाऊ ओरडतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो. ही त्यांची जुनी वाटणी आहे.

नियम माझ्या ताईच्या प्रोग्रॅमबद्दल होता. ताई तेव्हा नव्हती. गेल्या हिवाळ्यात ती त्याच चेंबरमध्ये गेली.

हे सांगायचं तर आधी थोडं कॉम्प्युटरचं सांगायला हवं. कंटाळू नका, सगळं त्यातच आहे. ताईने बसवलेल्या सिस्टिमला प्रिंटर काय आणि टर्मिनल काय, सगळ्या फाइलीच वाटतात. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. त्याला स्वतःची अक्कल नसते, वायरच्या टोकाला बसून असतं. त्याच्याशी बोलायचं तर आधी ती फाइल उघडायची, आणि उघडतानाच सांगायचं की मी फक्त लिहिणार आहे, फक्त वाचणार आहे की दोन्ही. आणखी एक सांगावं लागतं. पलीकडे कोणी नसेल तर थांबायचं की नाही.

हे मला ताईनेच शिकवलं होतं, ओट्यावर बसून, पाय हलवत. "समज, तू शेजाऱ्यांकडे गेलीस. दार वाजवलंस. आता एक तर दार उघडेपर्यंत उभी राहा, नाहीतर निरोप दाराखालून सरकव आणि परत ये. दुसऱ्यात वेळ वाचतो. निरोप दिला असं तुला छातीठोकपणे सांगताही येतं. फक्त आत कोणी पडलंय का, ते कळत नाही."

चेंबर म्हणजे गोठवलेला माल ठेवायची मोठी खोली. तिचं दार बाहेरून बंद होतं. आतून उघडायला एक दांडा होता, तो बर्फाने अडकून बसायचा. दांड्याबद्दल ताईने कितीदा सांगितलं, पण तो काही बदलला गेला नाही. मग तिने स्वतःच एक पद्धत बसवली. संध्याकाळी दार लावायच्या आधी ऑफिसातला प्रोग्रॅम चेंबरच्या पडद्यावर विचारायचा, 'आत कोणी आहे का?' आणि थांबायचा. शेवटी बाहेर पडणाऱ्याने कळ दाबून 'नाही' म्हटलं की मगच वर प्रिंटरवर बंदची पावती छापली जायची. पावती हातात आल्याशिवाय दाराला कुलूप नाही.

पण माणसं कळ दाबायला विसरायची. प्रोग्रॅम थांबून राहायचा, प्रिंटरही अडायचा, गाड्या बाहेर सोडायचे पास निघायचे नाहीत, ड्रायव्हर खाली शिव्या घालायचे. काकांचा जीव वर-खाली व्हायचा.

मी तेव्हा हॉस्टेलवर होते. ताईचा फोन आला. "काका म्हणतात, थांबणं काढून टाक. प्रश्न विचारला तेवढा पुरे."

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. तर बाबा म्हणाले, मोठ्यांचं ऐकावं."

"आणि ऐकलंस?"

ती हसली. "तू ये ना इकडे भांडायला. माझ्याच्याने नाही होत गं."

तिने थांबणं काढलं. वाचणंही काढलं, कारण जिथे थांबायचंच नाही तिथे वाचणार काय? त्यानंतर प्रश्न जायचा आणि पावती लगेच छापली जायची. सगळे खूश होते.

एका संध्याकाळी माल मोजायला ताई आत गेली. प्रश्न गेला, पावती निघाली आणि काकांनी स्वतः कुलूप लावलं. ताई मैत्रिणीकडे गेली असेल असं सगळे समजले. सकाळी दार उघडलं तेव्हा ती टर्मिनलच्या टेबलावर डोकं ठेवून बसलेली होती. टाइप करता यावं म्हणून तिने हातमोज्यांची टोकं कापलेली होती. तिची बोटं कळांवरच होती.

तेव्हापासून आमच्या घरात एकच वाक्य फिरत होतं. काका आल्या-गेल्याला तेच सांगायचे. "सिस्टिमने विचारलं होतं. उत्तर आलं नाही. म्हणजे तिला आधीच झोप लागली असणार. थंडीत माणसाला कळतही नाही." आई त्या वाक्याला धरून जगत होती. मला त्या वाक्याचा राग यायचा. उत्तर आलं नाही की तुम्ही घेतलं नाही? मी हे एकदा जेवताना विचारलं. बाबा ताटावरून उठले आणि आईने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

चेंबर बंद केलं गेलं. त्याचं यंत्र थांबवलं, वायर कापली, दाराला पत्रा ठोकला. पुढे ऑफिसातली जुनी मशीनही भंगारात देऊन नवी आणली. पण ताईचा प्रोग्रॅम तसाच नव्या मशीनवर चढवला, कारण दुसरा कोणाला लिहिता येत नव्हता. त्यामुळे रोज संध्याकाळी ऑफिस त्या पत्रा ठोकलेल्या खोलीला विचारतच राहिलं, 'आत कोणी आहे का?' आणि न थांबता पावती छापत राहिलं. ती पावती काका रोज न वाचता फाडायचे.

एका सुटीच्या दिवशी दुपारी काका मला म्हणाले, "प्रिंटर अर्धेच पास छापतोय. बघ जरा. एवढं शिकलीस, त्याचा काही उपयोग होऊ दे."

"बिघडलाय कशाने?"

"मला काय माहीत? प्रिंटर म्हणजे जावई. मान दिला नाही की अडून बसतो." स्वतःच्याच विनोदावर ते हसले. "आम्ही जेवून येतो. तोवर होईल ना?"

ऑफिसात मी एकटीच होते. बाहेर लख्ख ऊन, पण आमच्या ऑफिसला एकच खिडकी आणि तीही भिंतीकडे तोंड करून. दिवा लावावा लागतो. खाली बाकीच्या चेंबरांच्या यंत्रांची घरघर, आणि थंड लोखंडाचा ओलसर वास. तो वास आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना कायमचा बसलाय.

प्रिंटरचं दुखणं लगेच सापडलं. त्याची फाइलही 'वाट बघू नको' असंच सांगून उघडली जात होती. कागद सरकायला जरा वेळ लागला की प्रोग्रॅम पुढे निघून जायचा आणि उरलेला पास हवेत. त्याला थांबायला शिकवलं की काम झालं. पण घाईघाईत हा पर्याय ताईने एकाच जागी लिहिला होता, प्रिंटर आणि चेंबर दोघांसाठी मिळून. एकाचं बदललं की दुसऱ्याचंही बदलणार.

मला नियम आठवला. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. नियम मोडायला कारण मिळालं होतं. मी चेंबरच्या नावापुढे 'वाचणं आणि लिहिणं, दोन्ही' असंही टाकलं. होऊन होऊन काय होणार होतं? वायरच नव्हती. प्रोग्रॅम थांबून राहिला असता, मी हसले असते आणि दोन्ही वेगळे करून दिले असते.

प्रोग्रॅम सुरू केला. प्रिंटर उघडला. पास पूर्ण छापला गेला.

मग पडद्यावर आलं, 'चेंबर उघडत आहे'. आणि तो थांबला.

मी बघत बसले. काही वेळाने रद्द करायला हात पुढे केला... आणि ओळ बदलली.

'चेंबर उघडलं.'

पलीकडे कोणी असल्याशिवाय ती ओळ येत नाही.

खालची यंत्रं बंद पडली होती. कधी पडली ते कळलं नाही. प्रोग्रॅमने त्याचा नेहमीचा प्रश्न पाठवला, 'आत कोणी आहे का?' त्याच्याखाली, एकेक अक्षर, उत्तर उमटू लागलं.

'आहे.'

'मी आहे. कुलूप लावू नका.'

'दांडा हलत नाहीये. काका?'

'मी आहे. मी आहे. आहे.'

'कोणी वाचतंय का?'

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोकं हिशोब करत होतं. ही त्या संध्याकाळची अक्षरं. कोणी वाचलं नाही तर टाइप केलेलं साठून राहतं, वाचलं की संपतं. बस्स, एवढंच. पण साठतं ते ऑफिसातल्या मशीनमध्ये साठतं. आणि ती मशीन भंगारात गेली होती.

अक्षरं थांबली. मी रडत होते, आणि रडतच टाइप केलं, 'ताई?'

बराच वेळ काही आलं नाही. मग आधीपेक्षा सावकाश,

'लवंगी? तू कशी आलीस? परीक्षा झाली?'

ताई गेली त्या आठवड्यात माझी परीक्षा होती. म्हणून घरच्यांनी मला दोन दिवस उशिरा कळवलं होतं.

'झाली,' मी लिहिलं. 'ताई, तू कुठे आहेस?'

'इथेच. दार लागलंय. बोटं नीट चालत नाहीत. चुका झाल्या तर हसू नकोस.'

'नाही हसणार.'

'आईला सांगू नकोस, घाबरेल. दार उघडतील ना आता?'

या प्रश्नावर काय लिहायचं, तुम्हीच सांगा. माझी बोटंही चालेनात.

जिन्यावर पावलं वाजली. काका बडीशेप चघळत आत आले, मागे बाबा. "झाला का जावई खूश?" असं म्हणत काका पडद्याशी वाकले. त्यांचं चघळणं थांबलं.

"हे... हे काय उघडलंयस?"

"चेंबर."

"तुला सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतं. वाचा."

"ही कसली थट्टा आहे? कोणी लिहिलं हे? तू लिहिलंस?"

"पहिलं उत्तर वाचा, काका. 'आहे' लिहिलंय. तुम्ही आम्हाला सांगत होतात, उत्तर आलं नाही. आलं होतं. रात्रभर येत होतं."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. बाबा मात्र पुढे आले नाहीत. दारातच उभे राहून, अगदी हळू म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की तिने काहीतरी लिहिलं असणार. बोटं कळांवर होती तिची... वाचायची हिंमत झाली नाही, बेटा. आणि पुसायचीही. म्हणून म्हटलं, कोणी उघडूच नये."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. "ती थांबली, बाबा. तुमच्या हिंमतीसाठी ती इतके दिवस थांबली!"

पडद्यावर नवी ओळ आली.

'तिथे अजून कोणी आहे का?'

'बाबा आणि काका आहेत,' मी लिहिलं.

'काकांना सांग, मी उत्तर दिलं होतं. लगेच दिलं होतं.'

काका खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच. त्यांचा आवाज अगदी म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "बंद कर ती फाइल. पाया पडतो तुझ्या. उद्या सकाळी गाड्या लागायच्यात... आईला काय सांगायचं आपण? बंद कर."

"ऐक त्यांचं," बाबा म्हणाले. "वाचलंस ना? झालं आता. तिलाही सुटू दे."

तेच शब्द. मोठ्यांचं ऐकावं. ताईने ऐकलं होतं. मी आयुष्यभर तिच्यावर चिडत आले होते, की तू भांडत का नाहीस, आणि जेव्हा तिने बोलावलं तेव्हा मी अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसले होते. त्या क्षणी मला बाकी काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की या फाइलीचं एक टोक माझ्या हातात आहे, आणि मी ते सोडलं तर पलीकडे पुन्हा अंधार.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"बंद करणार नाही. ना तुमच्या सांगण्यावरून, ना आईच्या. गाड्या आल्या तर थांबतील. ड्रायव्हर शिव्या देतील, त्या तुम्ही खा. ती बोलायची थांबेपर्यंत हे उघडं राहील, आणि तिने जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही दोघं लिहाल. तोपर्यंत कोणीही इथून उठायचं नाही."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांना आज बघायला खिडकीही सापडली नाही.

तेवढ्यात खालून, पत्रा ठोकलेल्या दारामागून, कीबोर्डच्या कळा वाजत असल्याचा आवाज येत होता. अडखळत, पण न थांबता. आम्ही तिघंही तो ऐकत होतो. पडद्यावर मात्र एकही अक्षर उमटत नव्हतं. आणि चेंबरचा तो कीबोर्ड पोलिसांनी परत दिल्यापासून आईच्या कपाटात, ताईच्या शालीत गुंडाळून ठेवलेला आहे.