सदतीस हाका

आधीच सांगते, मला गोष्टी रंगवून सांगायची हौस नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेलं आहे. कोणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे, माझं काही अडत नाही. मी दाताच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकते. मला घाबरवणं सोपं नाही.

पण गेल्या आठवड्यात दुपारी ताईकडे जे ऐकलं, तेव्हापासून मी घरात एकटी बसत नाही.

आणि भुताला रात्रच लागते असं कोणी सांगितलं? हे सगळं भरदुपारी झालं.

मंगळवार. सव्वातीनची वेळ.

माझे भावोजी गाण्यांचं मिक्सिंग करायचे. म्हणजे काय, तर गाणारा कुठे ओरडतो, कुठे पुटपुटतो, ते सगळं एका पातळीवर आणायचं. त्यासाठी त्यांच्याकडे दोन हत्यारं. एक कॉम्प्रेसर. तो मोठा आवाज दाबतो, मग सगळंच वर उचलता येतं. वर्गातली दांडगी पोरं खाली बसवली की मागच्या बाकावरची लाजरी मुलगी काय म्हणते तेही ऐकू येतं ना, तसं. दुसरा एक्सपांडर. त्याचं उलटं. जे आधीच बारीक आहे त्याला तो आणखी बारीक करतो. श्वास, कागदाची सळसळ, खुर्चीची करकर... एका रेघेच्या खाली जे काही आहे ते जवळजवळ पुसूनच टाकतो. ती रेघ कुठे ओढायची हे भावोजी ठरवायचे.

मी त्यांना चिडवायचे, "भावोजी, तुमचं काम म्हणजे अगदी आमच्या सासूबाईंचं. मोठ्याने बोलेल त्याला दाबा, हळू बोलेल त्याला मोजूच नका."

ते हसायचे. पण त्यांची रेघ नेहमी जरा वरच असायची. गाण्यात श्वास आलेला त्यांना मुळीच खपायचा नाही.

फक्त एका आवाजातले श्वास त्यांना चालायचे. त्यांच्या लेकीच्या. चिमणी म्हणतो आम्ही तिला. सतरा वर्षांची, गळा असा की ऐकत राहावं. भावोजींचा जीव कशात असेल तर त्या पोरीच्या आवाजात. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी विचारायचे, "आज काय म्हटलंस? म्हण बघू."

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. दोन खोल्या, मध्ये जाड काच. बाहेरच्या खोलीत भावोजी आणि त्यांची यंत्रं. आतली खोली गाणाऱ्याची, कपाटाहून थोडी मोठी. तिला जाडजूड दार, कडेने रबराची पट्टी. माईक चालू असताना आतला पंखासुद्धा बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्ड होते.

त्या दाराची आतली मूठ अडकायची. वर्षभर भावोजी म्हणत होते, "उद्या दुरुस्त करतो."

तिथे एक बाई गायला यायच्या. पन्नाशीच्या. जाहिरातींत, कोरसमध्ये गायच्या. नाव कोणी घेत नसे, सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांना दमा होता. दोन ओळींच्या मध्ये श्वास असा ओढायच्या की माईक थरथरायचा, आणि भावोजी वैतागायचे.

बाई एकदा म्हणाल्या होत्या, "दादा, माझे श्वास कापू नका हो. मग बाई जिवंत आहे की मेली, कसं कळणार?"

"लोक गाणं ऐकतात बाई, तुमची धाप नाही," असं भावोजी म्हणाले. आणि वर हसले.

त्या मंगळवारी बाई "ओळ घोळवून घेते" म्हणत आत गेल्या. अंधारात गायची त्यांची सवय, म्हणून आतला दिवा बंद. भावोजींनी रेकॉर्डिंग सुरूच ठेवलं. सरावातच कधीकधी ओळ जमून जाते, म्हणून ते असंच करत. आता हे नीट लक्षात घ्या. रेकॉर्ड होत होतं ते कच्चं, जसंच्या तसं. पण स्पीकरवर येत होतं ते एक्सपांडरमधून गाळून.

भावोजी काचेकडे पाठ करून चहा पीत बसले.

स्पीकर शांत होते.

बाई मनात ओळ म्हणत असतील, असं त्यांना वाटलं. पाच मिनिटं झाली... दहा झाली... बाराव्या मिनिटाला ते उठले आणि त्यांनी दार ओढलं.

बाई दाराला टेकून होत्या. त्या भावोजींच्या पायांवर येऊन पडल्या.

दम्याचा पंप पर्समध्ये होता. पर्स बाहेरच्या खुर्चीवर. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या.

सगळ्यांनी भावोजींना विचारलं, आणि त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "माईक चालू होता. हाक मारली असती तर मला ऐकू आली नसती का?" लोकांना पटलं. उलट बाईंनाच नावं ठेवली, एवढा दमा आणि पंप बाहेर ठेवून जातं का कोणी!

बाईंची मुलगी आली होती. एवढंच विचारलं तिने, "आई शेवटचं काही म्हणाली का?"

"नाही गं. एक शब्दसुद्धा नाही."

मग संध्याकाळी भावोजींनी कच्चं रेकॉर्डिंग लावलं.

दमेकऱ्याला ओरडता येत नाही. बारीकसा आवाज होता, बरोबर रेघेच्या खाली.

"दादा... दार."

"दादा... दार."

भावोजींनी मोजल्या. सदतीस हाका. शेवटच्या हाकेनंतर एक लांब श्वास आत ओढलेला... तो बाहेर आलाच नाही.

त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी दाराला नवी मूठ बसवली. आणि तोंडाला कुलूप लावलं. ताईलाही सांगितलं नाही.

दीड महिना गेला. एका गायकाचं गाणं मिक्स करायला आलं. दुसऱ्या शहरात रेकॉर्ड झालेलं. पुरुषाचा भारदस्त आवाज. भावोजींनी कॉम्प्रेसर लावला, मोठे सूर दाबले, सगळं वर उचललं.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये...

श्वास.

त्या गायकाचा नव्हता. शिट्टीसारखा, अडकत अडकत ओढलेला. तो श्वास त्यांनी सहा वर्षं कापला होता, ते कसे ओळखणार नाहीत?

त्यांनी कॉम्प्रेसर काढला. श्वास गेला. पुन्हा लावला... श्वास जवळ आला.

मग तो प्रत्येक गाण्यात येऊ लागला. साबणाची जाहिरात असो, नाहीतर लहान मुलांचं गाणं. मोठा आवाज दाबला की खालून ती बाई वर यायची. आठवड्याभरात श्वासाबरोबर शब्द आले.

"दादा..."

नुसती "दादा" अशी हाक. त्यात विनवणी नव्हती, भावोजी म्हणाले. दातओठ खाऊन मारलेली हाक होती.

आता सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? बाईंच्या मुलीकडे गेला असता, पाय धरले असते. भावोजींनी काय केलं? एक्सपांडरची रेघ आणखी वर नेली! माझे भावोजी आहेत, मला त्यांची माया आहे, पण खरं ते खरं. ज्या बाईला एकदा दाबून मारलं, तिला ते रोज दाबत राहिले.

आणि एक दिवस ती खरंच गप्प झाली.

त्याच दिवसापासून घरी विचित्र प्रकार सुरू झाला. ताई हळू काही बोलली की भावोजींना कळायचंच नाही. मोठं बोललं की स्पष्ट. हळू बोललं की... काहीच नाही. नळाचं ठिबकणं नाही, घड्याळाची टिकटिक नाही. मध्येच कापल्यासारखं सगळं बंद.

ताईने थट्टा केली, "बायकोचं ऐकू न येणारे तुम्ही काही जगातले पहिले नवरे नाही." पण कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

भावोजींना मात्र कळलं होतं. रेघ आता यंत्रात राहिली नव्हती.

पुढच्या मंगळवारी एका गाण्याची गायिका आजारी पडली. आवाज त्याच दिवशी हवा होता. चिमणी म्हणाली, "बाबा, मी म्हणते ना! कधीपासून कबूल केलंय तुम्ही." भावोजी नाही म्हणाले. तिने कारण विचारलं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

ते हो म्हणाले.

चिमणी आत गेली. दिवा चालू होता. मूठ नवी होती, त्यांनी स्वतः तीनदा फिरवून पाहिली. यंत्रापाशी खाली वाकून ते एक वायर बसवत होते. स्पीकर शांत होते. ओळी वाचत असेल, त्यांना वाटलं...

वाटलं, आणि त्यांनी हातातली वायर टाकली. हेच त्यांना आधीही वाटलं होतं.

त्यांनी वर पाहिलं. आतला आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा पार लाल खुणेला टेकून थडथडत होता. आत कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं.

आणि स्पीकरमधून टाचणी पडल्याइतकाही आवाज नव्हता.

त्यांनी मागे पाहिलं. काचेपलीकडे अंधार. घड्याळात सव्वातीन.

दाराची मूठ हलेना. नवी कोरी मूठ! भावोजींनी खुर्ची उचलली आणि काचेवर घातली. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्या घावाला काच फुटली. हात रक्ताने माखले. चिमणी दारापाशी पडली होती, ओठ निळे झालेले.

जगली पोरगी. देवाची कृपा म्हणायची की आणखी कोणाची, मला माहीत नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने आईला सांगितलं, "दिवा गेला. आत कोणीतरी शेजारी बसून श्वास ओढत होतं. मला हवाच पुरेना. मी बाबांना हाका मारत होते, आणि ती माझ्या कानाशी म्हणत होती... ओरड. अजून ओरड. मीही मारल्या होत्या हाका. बघू, पोटच्या पोरीची तरी ऐकू येते का."

मग मात्र भावोजी ताईसमोर ढसाढसा रडले. तिथेच मीही होते. मूठ, रेघ, पुसलेलं रेकॉर्डिंग, सगळं तेव्हा त्यांनी ओकलं.

तिसऱ्या दिवशी ते बाईंच्या मुलीकडे गेले. बरोबर चिमणीच्या त्या दिवसाचं रेकॉर्डिंग घेऊन. त्यांनी ते कॉम्प्रेसरने दाबून वर उचललं होतं, आणि चिमणीच्या ओरडण्याखालून बाईंच्या हाका निघाल्या होत्या. पुसलेल्या हाका. बरोबर सदतीस.

मुलीने हेडफोन लावून सगळ्या ऐकल्या. मग काढून ठेवला.

"मला खरंच ऐकू आलं नाही, बाळ. मला माफ कर," भावोजी म्हणाले.

"तेव्हा ऐकू आलं नाही, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "पण नंतर तुम्ही हे ऐकलं होतं ना?"

"हो."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

तिने उठून दार उघडलं आणि ते बाहेर जाईपर्यंत धरून उभी राहिली.

स्टुडिओ बंद झाला. आम्हाला वाटलं, संपलं.

कसलं संपतंय!

चिमणीचा आवाज परत आलाच नाही. म्हणजे बोलते ती, पण कुजबुजल्याइतकंच. घशाचे डॉक्टर म्हणतात, गळ्याला काही झालेलं नाही. मला तिचं बोलणं ऐकू येतं. ताईला येतं. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनाही येतं.

फक्त तिच्या बाबांना येत नाही.

माईक लावून पाहिला, कानाचं यंत्र लावून पाहिलं. कितीही मोठं करा, तिचा आवाज त्यांच्या कानाशी येऊन तुटतो. आता ती त्यांच्याशी कागदावर लिहून बोलते. ते वाचतात आणि कागद जपून खिशात ठेवतात.

गेल्या मंगळवारी दुपारी मी ताईकडे गेले होते. ताई आत झोपली होती. भावोजी खिडकीपाशी, पाठ करून बसले होते. चिमणी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"बाबा... बाबा..."

मला वाटलं, पोरगी रोज प्रयत्न करते बिचारी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. भावोजी ढिम्म हलले नाहीत.

"बाबा... बाबा..."

मग माझं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. डोळे मिटलेले. झोपेत बोलावं तशी ती हाका मारत होती, एकामागून एक. का कोण जाणे, मी मोजायला लागले.

सदतीस झाल्या आणि ती थांबली.

मग चिमणीच्या छातीतून, शिट्टीसारखा, अडकत अडकत... एक लांब श्वास आत गेला.

मी वाट पाहत राहिले. तो बाहेर यायला इतका वेळ लागला की मी तिला गदागदा हलवलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, "काय झालं मावशी?"

भावोजी अजून खिडकीबाहेरच बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

उद्या पुन्हा मंगळवार आहे. ताईला मी अजून काही सांगितलेलं नाही. रजा टाकली आहे. सव्वातीनच्या आधी मी तिथे जाऊन बसणार आहे.