अर्थिंगला पाणी

म्हसावदला नवनीत पाटलांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. शहादा तालुक्याच्या बातम्या एका दैनिकाला पाठवणं हे माझं काम. खाली मागच्या ओट्यावर कपडे धुऊन वाळवूनही देणारं मशीन आहे. हे सगळं त्या मशीनपाशी घडलं.

माघात नवनीतचे वडील सुपडू आबा गेले. त्याच दिवशी त्याच्या आईला, धनुबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. अंथरूण रोज बदलावं लागे, आणि सून ममताला तेव्हा चौथा महिना लागला होता. सुतकात घरात नवी वस्तू आणत नाहीत. भाऊबंद कुजबुजले, पण नवनीतने मशीन आणलंच.

चैत्र संपत आला तेव्हा एका सकाळी ममताने ड्रममधून चादर ओढली आणि विजेच्या धक्क्याने ती स्वतः मागच्या भिंतीवर आदळली. हात कोपरापर्यंत बधिर झाला. पोटावर दुसरा हात ठेवून ती ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. पोटातलं हललं तेव्हा रडली.

नवनीतने गावातल्या भटूला बोलावलं. घराची वायरिंग त्यानेच केली होती आणि मशीन आलं तेव्हा अर्थिंगही. त्याने मशीनचा मागचा पत्रा उघडला. कपडे वाळवणारा हीटर एका टोकाला तडकला होता, तिथून करंट पत्र्यावर उतरत होता.

"सापडनं," तो म्हणाला. "वहिनी, आते निवांत धोवा."

"तू आधी हात लाव," ममता म्हणाली. "मंग मी देखसू."

भटू हसला. शहाद्याहून हीटर आणून त्याने बसवला आणि करंट गळताच बंद पडणारा स्विचही जोडला. मग टेस्टर पत्र्याला टेकवला. टेस्टर म्हणजे साधा पेचकस, मुठीत छोटा दिवा असलेला. टोक करंटला लागलं आणि मागच्या टोपीवर बोट असलं की करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा पेटतो.

दिवा पेटला. मंद, नारिंगी.

"प्लग काढ," नवनीत म्हणाला.

भटूने डावा हात वर केला. प्लग त्याच्या हातातच होता.

मशीनच्या पत्र्याला एक जाड तार वेगळी आवळलेली होती. ती भिंतीतून बाहेर, शेवग्याखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जात होती. मशीनमध्ये गळलेला करंट या तारेने जमिनीत जावा, एवढंच तिचं काम. भटूने ती सोडवली. पत्र्यावरचा करंट गेला. तारेच्या सुट्या टोकाला टेस्टर लावला, तर दिवा आधीपेक्षा मोठा पेटला.

"खालतीन ई ऱ्हायना," तो हळू आवाजात म्हणाला. करंट जमिनीतून वर येत होता.

माझ्याकडे याचं उत्तर होतं. शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या मी पुष्कळ दिल्या आहेत. शेजारच्या शेतातली पाण्याची मोटर खराब झाली तरी ओल्या मातीतून करंट लांबवर पसरतो. मी तसं सांगितलं. भटूला पटलं, नवनीतला त्याहून जास्त पटलं. गावची वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवतील त्या दिवशी पुन्हा पाहू, असं ठरलं.

तोवर तार पुन्हा जोडली गेली. तारेशिवाय मशीन चालवायला भटू तयार नव्हता, आणि चादरी थांबत नव्हत्या. ममता रबरी चप्पल घालून, हाताला कोरडं फडकं गुंडाळून कपडे काढू लागली. तिच्या माहेरचे रनाळ्याहून तिला बाळंतपणाला न्यायला आले होते. सासूला टाकून जाणार नाही, म्हणून तिने त्यांना परत पाठवलं.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उन्हाळ्यात खड्डा ओला ठेवा, असं भटूने सुरुवातीलाच सांगितलं होतं. ममता रोज त्यात बादलीभर पाणी ओतायची. ते ओतल्याशिवाय धनुबाई पाण्याला तोंड लावत नसत.

"आधी त्यास्ले," त्या म्हणायच्या. शब्द जिभेवरून घसरत यायचे. आधी त्यांना; त्यांना म्हणजे कोणाला, ते सांगत नसत.

"डोकानं काही खरं नही आते," ममता मला म्हणाली.

वीज बंद होती त्या दिवशी सकाळीच पंखे थांबले. पिठाची गिरणी बंद पडली. पपईच्या मळ्यांकडून पाण्याच्या मोटरींचा आवाज येईना. ऊन पांढरं पडलं होतं. भटूने तारेला टेस्टर लावला.

दिवा पेटला. भर उन्हात दिसावा इतका.

"कुठेतरी जनरेटर असेल," मी म्हणालो.

"भाऊ, आखा गावमा एक शे, सरपंचना. तो बी बंदच शे."

ममताने वीज जाण्याच्या जरा आधी मशीनमध्ये ओली चादर टाकली होती. मशीन सुरू झालंच नव्हतं. तिने फडकं गुंडाळून दार उघडलं आणि चादर बाहेर काढली. ती कोरडी होती. मी हात लावला. तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीइतकी गरम होती. तिला लाकडाच्या धुराचा वास होता.

आतून धनुबाईंचा आवाज आला. "ती आन."

ममताने चादर त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी डाव्या हाताने ती तोंडावर ओढून घेतली आणि खोल श्वास घेतला. ममता दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

"खड्डा खंदा," ती नवऱ्याला म्हणाली. "आजच."

भटू आणि नवनीत खणायला लागले.

"पेपरमा छापा, भाऊ," भटू घाम पुसत म्हणाला, "म्हसावदना भटू सोतानं काम सोता उकरस."

अर्थिंगच्या खड्ड्यात लोखंडी पाइपाभोवती मीठ आणि लाकडी कोळसा भरतात. वर मीठ होतं. त्याखाली कोळसा नव्हता. ओली, करडी राख होती. मधे काळे, अर्धवट जळालेले तुकडे.

"भुगा वाटना माले तवय," भटू म्हणाला. "गोनी आठेच व्हती, गोठामा."

नवनीत खणायचा थांबला होता.

सावडल्यावर आबांच्या अस्थी लोट्यात घेतल्या होत्या आणि उरलेली राख गोणीत. ती घरात नेत नाहीत, म्हणून गोठ्यात ठेवली. भटूची कोळशाची गोणीही तिथेच होती. अस्थी आणि राख सोडायला सगळे तापीकाठच्या प्रकाशा गावी गेले त्या सकाळी भटूने खड्डा भरला. एक गोणी उरली होती, ती कोळशाची समजून त्याने ओतली.

"नदीवर काळे तुकडे तरंगत गेले," नवनीत मला म्हणाला. तो एकाएकी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलू लागला होता. "खूप तरंगले. मला तेव्हा काही वाटलं नाही."

भटूच्या फावड्याला काहीतरी खणकन लागलं. ट्रॅक्टरच्या अपघातानंतर आबांच्या मांडीत बसवलेला स्टीलचा रॉड होता तो. पाइपाला चिकटून, उभा.

नवनीतने सगळी राख हाताने भरली. तळाची मातीही खरवडून घेतली. रॉड पांढऱ्या फडक्यात बांधला आणि तसाच प्रकाशाला निघून गेला. भटूने अंगणात पुढच्या बाजूला नवा खड्डा घेतला. कोळसा त्याने समोर फोडून ममताला दाखवला.

दुपार उतरताना वीज आली. भटूने पत्रा, तार, नळ, सगळं तपासलं. मग टेस्टर माझ्या हातात दिला. मीही तपासलं. कुठेच काही नव्हतं. ममताने मशीनच्या पत्र्यावर उघडा हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग ती हसली आणि मोरीकडे गेली.

मी धनुबाईंच्या खोलीत गेलो.

"नेलं?" त्यांनी विचारलं.

"हो. प्रकाशाला."

"आखं?"

"सगळं."

त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. आता भीती नाही, हे दाखवायला मी टेस्टर त्यांच्या लोखंडी खाटेला लावला. दिवा पेटला नाही.

त्यांनी हात पुढे केला. मी टेस्टर दिला.

त्यांनी तो उभा धरला. बोट बरोबर मागच्या टोपीवर ठेवलं. टोक वर, मोकळ्या हवेत होतं. ते कशालाच लागलेलं नव्हतं.

दिवा पेटला.

तो उजवा हात होता, झटक्याने गेलेला.

"माय, आंग पुसी देस," मागून ममता म्हणाली. ती पाण्याची बादली घेऊन आत आली होती. पायात काही नव्हतं. हात कोपरापर्यंत ओले होते.

धनुबाईंनी टेस्टर हलकेच चादरीवर ठेवला आणि तोच हात तिच्याकडे केला.