चार ड्रम, बंद घर

ही हकिकत खरी आहे. जिच्यावर बेतली ती व्यक्ती, म्हणजे आनंदराज, माझे साडू लागतात. आणि साडूसाठी कोणी कल्पनाशक्ती खर्च करत नसतं.

गेल्या वर्षीचा मे महिना. लातूर. दुपारचे दोन.

आनंदराज मुदखेडला रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. स्वतः दिलेल्या हिरव्या दिव्याकडेही पुन्हा वळून बघणारा माणूस. त्यांना आयुष्यातली पहिली मालमत्ता घ्यायची होती. मुलगी बुद्धप्रिया अकरावीच्या क्लाससाठी लातूरला येणार. एका खोलीत ती राहील, दुसरीत भाड्याच्या मुली ठेवू. फंडातले सगळे पैसे यात जाणार होते. चुकलं तर दुसरा डाव नव्हता.

सगळ्यांनी एकच बजावलं होतं, लातुरात घर घेताना आधी पाणी बघा.

दलाल भुजंगनं कुलूप काढलं. घर दोन वर्षं बंद होतं. कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं.

स्वयंपाकघरात मात्र चार ड्रम... काठोकाठ भरलेले.

ना झाकणांवर धुळीचा कण, ना पाण्यावर.

नळ सोडून बघितला. कोरडा. शेजारच्या गुणाबाई म्हणाल्या, नऊ दिवस झाले, नळाला पाणी न्हाई.

आनंदराजांना भीती वाटली नाही. संशय आला. गिऱ्हाइकाला भुलवायला दलालानं टँकर आणला असणार. त्यांनी चारही ड्रम उपसून मोरीत ओतले. ते बघून गुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग निर्णय होईपर्यंत कुलूप माझं, असं भुजंगला सांगून त्यांनी दाराला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्लीसकट मुदखेड गाठलं.

तिसऱ्या दिवशी न कळवता परत आले. कुलूप जसंच्या तसं.

आत...

चारही ड्रम भरलेले. फरशी ओली.

भुजंगला बोलावलं. त्याचाही चेहरा उतरला, पण कारण वेगळं होतं.

"साहेब, भाव पाडायला भुताटकी दाखवून राहिले का? मी लई गिऱ्हाइकं बघितली."

"कुलूप माझं, हे खरं. पण घराच्या चोरवाटा तुलाच ठाऊक, भुजंगराव."

शेवटी एकमेकांवर पाळत ठेवायला दोघं आतून कडी लावून बसले. एक ड्रम रिकामा करून. भर दुपारी.

वारा नाही. आवाज नाही.

मग... घागर टेकल्याचा आवाज.

बांगड्यांचा.

पाणी ओतल्याचा.

दोघांनी आधी एकमेकांचे हात बघितले. चारही हात मांड्यांवर होते.

ड्रममधलं पाणी वर येत होतं. ओतणारं कोणी नव्हतं.

काठाला आल्यावर थांबलं. झाकण सरकलं... आणि नीट बसलं.

भुजंगनं झाकण उचलून आत बघितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "भाव वाढवावा लागंल."

घरी आनंदराजांच्या बायकोनं, विशाखाताईंनी, एकच विचारलं. "फुकट कोण पाणी भरतंय? आज भरून राहिलंय, उद्या काय मागंल?"

 घर मात्र आनंदराजांनी घेतलं. लातुरात असं पाणी पुन्हा मिळालं नसतं.

बुद्धप्रियाला तिथं ठेवलं नाही. तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉस्टेलात टाकलं.

त्या घरात आता उमरी-बिलोलीकडच्या चार मुली राहतात. त्यांच्या बापांनीही आधी पाणीच बघितलं. आनंदराजांनी झाकणं उघडून दाखवली. बापांनी जास्त विचारलं नाही. यांनी जास्त सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यातल्या पूनमचा फोन आला. तक्रार कसलीच नव्हती.

"काका, तुम्ही पाणी भरायला लावलेल्या मावशी लई चांगल्या हायत. बोलत न्हाईत, एवढंच. कालपासून आमच्यातच झोपायला येऊन राहिल्या. त्यांचा पगार वाढवा की."

"हाव," आनंदराज म्हणाले. "बघतो."

आज आठ दिवस झाले. ते लातूरला गेलेले नाहीत. चारही बापांचे नंबर कागदावर लिहून समोर ठेवलेत...

अजून एकही लावलेला नाही.