सात राण्यांचा दगड

दगड एकच, भाषा दोन. वरची दर्यावर्दी लोकांची, ती वाचता येत होती. खालची तारंग साम्राज्याची दरबारी भाषा. तिचं एक चिन्हही कुणाला लागत नव्हतं. शाल्मलीच्या आईनं चार वर्षं या दगडापुढे घालवली. गेल्या साली, म्हणजे २०८९ मध्ये, ती आजारपणात गेली. तिचं अर्धवट काम आपण पुरं करायचंच, असं अकरा वर्षांच्या शाल्मलीनं मनाशी ठरवलं होतं.

"हा द्विभाषी लेख, म्हणजे एकच मजकूर दोन भाषांत," आजोबा म्हणाले. आईचे वडील ते, भाषाशास्त्रज्ञ. "अशा लेखात आधी राज्यकर्त्यांची नावं शोधायची. भाषा बदलली तरी नावाचा उच्चार फारसा बदलत नाही."

"नावंच नाहीत," खलबत म्हणाला. हा त्यांचा यंत्रमानव. हुशार, पण हुशारीचा तोरा फार. "वर सात ठिकाणी दगड झिजलाय, खालीही सात ठिकाणी."

शाल्मलीनं बोट फिरवून पाहिलं. "झीज अशी मोजूनमापून होते होय रे शहाण्या? वरचं वाच."

"'रिकामी जागा, राणी वाटेला लागली. तिला मागून हाक मारू नका.' रहदारीचा नियम असावा."

शाल्मलीला हसू आलं नाही. घरात वर्षभर कुणी आईचं नाव घेतलं नव्हतं. आजोबा नुसतं 'ती' म्हणायचे आणि चष्मा पुसत बसायचे. तिला मात्र ते नाव ऐकायची फार ओढ लागली होती.

"आजोबा, राणी मेली असेल. नाव घेतलं तर ती अर्ध्या वाटेतून परत फिरेल, असं त्यांच्या धर्मात असेल. म्हणून जागा कोरी सोडली."

आजोबा दगडावर वाकले. वर प्रत्येक कोऱ्या जागेपुढे 'राणी' होतं. खाली प्रत्येक कोऱ्या जागेपुढे तीच तीन चिन्हं, सातही वेळा.

"उच्चार नाही कळला, पण अर्थ लागला!" ते म्हणाले. "या तीन चिन्हांचा अर्थ राणी. आता कोऱ्या जागा समोरासमोर धरून शेजारचे शब्द जुळवत जाऊ."

"माझं चुकलं," खलबत म्हणाला.

"तुझं कुणी गेलं नाही ना, म्हणून," शाल्मली म्हणाली.

खलबतनं नोंद उघडली. "वाचन कुणाचं लिहू?"

"शाल्मलीचं," आजोबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि हेमांगीचं."

"पुन्हा म्हणा ना, आजोबा."

"हेमांगी," ते म्हणाले, या वेळी मोठ्यानं. शाल्मलीनं डोळे पुसले आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.