तिसरा वार

शनिवारी रात्री मला झोप लागली नाही ती बेल्टमुळे. भुताचा विषय तोपर्यंत घरात निघालाही नव्हता.

नवरा सकाळी लिलावाला गेला तो "नुसतं बघून येतो" म्हणून. हेच वाक्य बोलून त्याने आजवर घरात एक शिडी, एक टाइपरायटर आणि कुणाच्या तरी आजोबांची आरामखुर्ची आणली आहे. या वेळी गाडी आणली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची विलायती सलून. काळी, गोल पाठीची, आत लाकडी डॅशबोर्ड आणि बंद कपाटासारखा वास.

"सलून?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आधी न्हाव्याची होती का?"

सगळे हसले. मी मागचं दार उघडून सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालत होते. बेल्ट नव्हता.

"त्या काळी नसायचेच गं," नवरा म्हणाला. जणू त्या काळी अपघातही नसायचे.

लेक साडेचार वर्षांची. सोमवारी याच गाडीतून शाळेत सोडीन, असं त्याने तिला परस्पर कबूल करून टाकलं होतं. तिने ते शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं. रात्री सगळे झोपल्यावर मी छताकडे बघत पडले. गाडी थांबते, पण आत बसलेलं सोळा किलोचं मूल थांबत नाही. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. त्या पदवीचा माझ्या आयुष्यात झालेला हा एवढाच उपयोग. शेवटी मी उठून बसले, डावीकडे उशी उभी केली आणि ब्रेक लागल्याची कल्पना करून तिच्यावर डावा हात आडवा टाकायचा सराव केला. वीस-पंचवीस वेळा तरी. उशी एकदाही पडली नाही.

रविवारी संध्याकाळी गाडी बघायला मामा आले. नवऱ्याचे मामा. चौतीस वर्षं त्यांनी लिलावात पुकारा केला. "एक वार, दोन वार, तीन वार," आणि हातोडा. निवृत्तीनंतर हातोडा सुटला, तीन सुटले नाहीत. चहा विचारला तर "चालेल, चालेल, चालेल." निघताना "येतो, येतो, येतो." आमची लेक त्यांना तीनवार आजोबाच म्हणते.

मामा आले आणि गाडीपासून चार पावलांवर थांबले.

"हात चालतो का?" त्यांनी विचारलं.

"कुठला हात?"

"खांबातला."

तेव्हा कुठे नवऱ्याने मला दाखवलं. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधे जो खांब असतो, त्यात वीतभर लांबीची खाच. वळायचं असलं की त्या खाचेतून एक पिवळी पट्टी आडवी बाहेर यायची, आत दिवा लागायचा. माणसाने खिडकीतून हात दाखवावा तशी.

"उजवा चालतो," तो म्हणाला. "डाव्याची वायर कुणीतरी तोडलीय. बेल्ट बसवायला माणूस गुरुवारी येणारे, तेव्हाच करून घेईन."

मामा एवढंच म्हणाले, "नको." एकदाच. मला ते उगीच टोचलं.

जेवणं झाली. लेक झोपली, मी दोनदा वर जाऊन बघून आले. सासूबाई पडल्या. आम्ही तिघं बाहेर पायरीवर बसलो. अंगणातला दिवा बंद होता, गाडी नुसती एक जास्त काळी जागा दिसत होती. मामांनी आपणहून सुरुवात केली.

"माझ्या ओळखीत एक होता. माझ्यासारखाच पुकारा करणारा. एकवीस वर्षं झाली या गोष्टीला. नोव्हेंबरची अकरा तारीख, गुरुवार. सकाळी त्याची दाढ काढली. दंतवैद्य मित्रच होता त्याचा. दाढ काढता काढता म्हणाला, आज एक जुनी गाडी यायचीय तुमच्याकडे, मला हवीय. हा तोंडात कापूस धरूनच मान हलवून हो म्हणाला."

"मान हलवली म्हणजे बोली लागली," नवरा म्हणाला.

"हसू नकोस. गाडी पुढे आली तेव्हा दुपार होऊन गेली होती. गाल अजून बधिर. लोक कंटाळलेले. दंतवैद्याने हात वर केला, पुढे कुणी बोलेना. एक वार. दोन वार. आणि शेवटच्या ओळीत एक म्हातारा दिसला. तपकिरी लोकरी कोट. हात वर."

"मग?"

"हात वर दिसला की थांबायचं. धंद्याचा पहिला नियम. याने बघितला. दंतवैद्याकडेही बघितलं. तिसरा वार म्हणायला तोंड उघडलं तर जीभ वळेना. आणि हातोडा पडला."

"बधिर होती ना जीभ," मी म्हणाले. मला लोकांची बाजू घ्यायची सवय आहे.

"जीभ बधिर होती, पोरी. हातोडा नव्हता."

मामा बोलता बोलता उजव्या गालावर अंगठा दाबत होते. दाढेपाशी. ते माझ्या लक्षात आलं, आणि गोष्ट ओळखीतल्या माणसाची आहे की नाही हे मी मग विचारलं नाही.

"टाळ्या झाल्या. वर बघतो तर शेवटच्या ओळीत खुर्ची रिकामी. कारकुनाला विचारलं, म्हातारा कुठे गेला? तो म्हणाला, शेवटच्या ओळीत सकाळपासून कुणी बसलेलंच नाही... कागद होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. दंतवैद्य गाडी घेऊन निघाला. मागच्या सीटवर त्याची मुलगी. सहा वर्षांची. बाबांची नवी गाडी म्हणून हट्टाने आलेली."

"मागे," मी म्हणाले.

"मागे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"गावाबाहेरचा रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं. पावणेदहा वाजलेले. एकदम डावीकडे उजेड. खांबातला हात बाहेर आला होता. त्याने काही दाबलं नव्हतं. जुन्या वायरी, म्हणून त्याने बटण हलवलं. हात आत गेला. गाडी थोडी पुढे गेली... पुन्हा वर. पुन्हा आत. पुन्हा वर. मग त्याने नाद सोडला. हात वर ठेवूनच गाडी चालली. लिलावात बसल्यासारखी."

मामा थांबले.

"वळणावर ट्रक उभा. दिवे नाहीत. काही नाही. दंतवैद्याने ब्रेक मारला. सगळ्या ताकदीने. स्टिअरिंग छातीत बसलं. मागे बघायची हिंमत होईना. मग बघितलं..."

"मामा."

"मुलगी ताठ बसलेली. इंचभर हलली नव्हती. त्याने विचारलं, लागलं का गं? ती... काहीतरी म्हणाली."

"काय म्हणाली?"

अंधारात मामांचा चेहरा दिसत नव्हता.

"ते माझ्या तोंडून नको. दंतवैद्याने तिला घरी सोडलं आणि अकरा वाजता तो पुकारा करणाऱ्याच्या दारात. पांढराफटक. म्हणाला, तिसरा वार म्हण. आत्ता. गाडी बाहेर उभी आहे, तिच्यासमोर म्हण. हा पायजम्यावर बाहेर आला. रस्त्यावर कुणी नाही. गाडी बंद, किल्ली दंतवैद्याच्या हातात. हा म्हणाला... तीन वार."

"आणि?"

"हात वर आला."

घरात कुठेतरी फ्रीज सुरू झाला. मी दचकले, आणि दचकले हे कुणाला कळू नये म्हणून पदर सारखा केला.

"म्हणजे म्हाताऱ्याची बोली चालूच होती," नवरा म्हणाला. तो गमतीने म्हणायला गेला, पण शेवटी शेवटी आवाज बसला.

"गाडीची बोली हातोड्याने संपली होती रे. गाडी विकली गेली होती." मामा हळू बोलत होते. "मग हात कशासाठी वर होता?"

मामांनी गाडीकडे बघितलं.

"दंतवैद्य किल्ली टाकून गेला. तो गाडीत परत बसला नाही. मी पक्कड आणली आणि डाव्या बाजूची वायर तोडली."

मी. ते 'मी' म्हणाले. त्यांनी दुरुस्त केलं नाही, आम्हीही केलं नाही.

उठताना मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीला मागे बसवू नका." एकदाच म्हणाले. आणि "येतो" न म्हणता गेले.

त्या रात्रीही मी जागीच. आता दोन कारणं होती, आणि त्यातलं एकच चारचौघांत सांगण्यासारखं होतं. सोमवारी सकाळी मी नवऱ्याला तेच सांगितलं. "बेल्ट नाही. गुरुवारी बसेल, शुक्रवारी ने."

"तीन गल्ल्या जायचंय. वीसच्या वर नेणार नाही. आणि खरं सांग, बेल्टचं आहे की मामांचं?"

"बेल्टचं," मी म्हणाले. खरंच होतं ते. अर्धं.

"मग तू बस ना मागे तिच्याशेजारी."

लेक गणवेश घालून, केसांना दोन रिबिनी लावून दारात उभी होती. पुढे बसवावं तर ते मागच्यापेक्षा जास्त धोक्याचं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नाही म्हणावं तर आरडाओरडा. दोन रात्रींच्या जागरणानंतर डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. मी हो म्हणाले. माझाच आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

लेक डाव्या खिडकीशी, मी उजवीकडे. डावा हात मोकळा ठेवला होता. दप्तरसुद्धा पायाशी ठेवलं. पहिली गल्ली. दुसरी गल्ली. दूधवाल्याने गाडीकडे बघून सलाम ठोकला. लेकीने राणीसारखा हात हलवला. मला वाटलं, झालं, उगीच जीव टांगणीला लावते मी.

शाळेच्या अलीकडच्या फाटकातून एक टेम्पो उलटा बाहेर आला. न बघता.

ब्रेक.

माझा डावा हात... ज्याचा मी सराव केला होता तो हात... पुढची सीट धरायला गेला. मला वाचवायला. तरीही कपाळ सीटवर आपटलं. दप्तर पुढे गेलं. पाण्याची बाटली डॅशबोर्डवर जाऊन पडली. नवरा टेम्पोवाल्यावर ओरडत होता, ते मला दिसत होतं. ऐकू येत नव्हतं.

मी डावीकडे बघितलं.

ती ताठ बसली होती. पाठ सीटला टेकलेली. एक रिबीनसुद्धा हलली नव्हती.

काही वाटलं नाही मला. आनंद नाही, भीती नाही. दाताचं इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग. मी फक्त बघत राहिले. तिच्या पलीकडे काचेबाहेर, खांबाच्या खाचेतून, पिवळी पट्टी बाहेर आली होती. दिवा लागलेला. भर सकाळी.

नवऱ्याने धावत येऊन तिचं दार उघडलं. तिला काखेत धरून ओढून काढलं. थोडं जोर लावून. तेव्हा मला वाटलं, फ्रॉक कुठेतरी अडकला असेल. मी त्या बाजूने खाली उतरले आणि रस्त्यावरच तिच्यासमोर गुडघे टेकून बसले.

"लागलं का गं?"

"नाही. तुलाच टेंगूळ आलंय."

"पडली कशी नाहीस तू?" हे मी का विचारलं कुणास ठाऊक. विचारायचं नव्हतं.

"आजोबांनी धरलं ना." तिने स्वतःचा हात छातीवर आडवा ठेवून दाखवला. "असं."



"कुठल्या आजोबांनी? तीनवार आजोबांनी?"

"नाही गं. मागच्या. त्यांचा कोट टोचतो."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा बाटली मागेल, किंवा शाळेला उशीर होतो म्हणेल. लेकीने मान वळवून गाडीकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली,

"बाबा ओढत होते तरी ते सोडतच नव्हते. मग मी तीनवार आजोबांसारखं म्हटलं. सोडा. सोडा. तेवढ्यात बाबांनी काढलंच मला. तिसरं उद्या म्हणू?"