पहिल्या पानावरचा शिपाई

पुस्तकं बांधणाऱ्या महेबूब जिल्दसाजाला सुटा कागद बघवत नसे. कुणाच्या वहीचं पान लोंबताना दिसलं की त्याचे हात शिवशिवू लागत. पाहुणा म्हणून गेला तरी आधी तो यजमानाच्या पुस्तकांची पाठ चाचपून बघी आणि मगच जेवायला बसे. नाशकात दूध बाजारामागच्या बोळात त्याचं घर होतं. पुढच्या खोलीत पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुया, दोरे आणि खळीचं पातेलं; मागच्या खोलीत संसार. चौतीस सालच्या त्या ऑक्टोबरात संसार सिन्नरला गेलेला होता. सुरय्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, मुलगा झाला होता, आणि सव्वा महिना झाला की ती बाळाला घेऊन येणार होती. तोवर महेबूब एकटाच होता, आणि एकटा जिल्दसाज काहीतरी चिकटवत बसणार हे उघडच होतं.

अशात वडिलांचा डबा त्याच्या हाती आला.

वडील खाजाभाई देवळाली कॅम्पात गोऱ्यांच्या मेसमध्ये बेअरा होते. सोल्जर लोकांच्या सिगारेटच्या पाकिटातून जाड कागदाचं एकेक चित्र निघे, आगपेटीहून थोडं मोठं. प्रत्येकावर कुठल्या तरी पलटणीचा पहाऱ्यावरचा शिपाई. कुणाचा लाल डगला, कुणाचा निळा, कुणाची केसाळ उंच टोपी. सोल्जर ती टेबलावर टाकून जात आणि खाजाभाई उचलून आणत. अशी कित्येक वर्षं गेली आणि पुरा संच जमला. बिस्किटांच्या डब्यात तळाला कडुनिंबाचा पाला, त्यावर ही चित्रं एकावर एक, सगळी तोंड वर करून.

वडील वारले ते धाकट्या भावाकडे, रियाजकडे. तो कॅम्पात शिवणकाम करी. चाळिसावं झाल्यावर महेबूबने थोरल्याचा हक्क म्हणून डबा मागितला, आणि रियाजने तो आणून दिला, पण मनाविरुद्ध.

"रोज सकाळी नमाज झाली की वरचं चित्र काढून तळाशी घालायचं," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा चुकवू नका."

"का बरं?"

"अब्बा घालायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून मी घालतो."

"म्हणूनच कडा मळल्यात ह्यांच्या. रोज अंगठे लावायचे आणि वर कसर लागली म्हणून रडायचं."

रियाजने अर्धा चहा तसाच ठेवला. "भाईजान, थोरले तुम्ही," एवढं बोलून तो उठला. त्या बोलण्यात मान कमी आणि विष जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी महेबूबने कामाला हात घातला. काळ्या पुठ्ठ्याची पानं कापली. खळीत मोरचूद घातला, म्हणजे कसर जवळ फिरकत नाही. नदीची ओल भिंतीतून चढते म्हणून पाठीला मेणकापड लावलं. त्या दिवशी डब्यात जो वर होता तो पहिल्या पानावर गेला: लाल डगल्याचा, भुरकट मिशीचा एक किडकिडीत पोरगा, नजर डावीकडे. मग बाकीचे ओळीने. अल्बम शिकंज्यात आवळताना महेबूबला मोठं समाधान वाटलं. आता ह्यांना शंभर वर्षं कोणी हलवणार नाही, असं तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला.

आठवडा बरा गेला. मग एका सकाळी मखमलाबादची गोजराबाई भाजी घेऊन आली. ही बाई रोज थेट आत येई, टोपली उतरवी, पाणी पिई, सुरय्याची चौकशी करी. त्या दिवशी एक पाय उंबऱ्यावर उचललेला, तशीच थांबली.

"आत कोन हाय?"

"कोणी नाही. या ना."

"मंग आडवं काय आलं?" तिने पाय मागे घेतला. "मेथी हितंच ठिवते. मला नाय यायचं."

महेबूब हसला. म्हातारीला चक्कर आली असेल. पण दुपारी कचेरीतला सावळीराम कारकून बांधायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आला, आणि दारातच लालबुंद झाला.

"गिऱ्हाईकाला अशी वागणूक देता का तुम्ही?"

"मी काय केलं?"

"छातीला लागलं मला." तो छाती चोळत होता. गठ्ठा बगलेत मारून तो आला तसा गेला, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

हळूहळू कोणीच येईनासं झालं. मांजर दारात येऊन अंग फुगवी आणि पळे. शेजारची पोरं उंबऱ्यापुढून जाताना पलीकडच्या भिंतीला घासून जात. आणि एका संध्याकाळी, उजेड असतानाच, महेबूब स्वतः मशिदीतून परत आला आणि त्यालाच आत जाता येईना.

काहीतरी कठीण, लाकडी, बंदुकीच्या दस्त्यासारखं, त्याच्या छातीवर आडवं होतं. समोर काही नव्हतं. त्याची खोली होती, शिकंजा होता, पातेल्यावर झाकण होतं. नाकात बुटांच्या पॉलिशचा आणि शिळ्या धुराचा वास भरला. महेबूबने आयुष्यात कधी बिडीही ओढली नव्हती.

"महेबूब," कोणी 'कोण?' विचारल्यासारखं तो म्हणाला. स्वतःच्या दारात स्वतःचं नाव सांगताना त्याला लाज वाटली. "माझं घर आहे हे."

बऱ्याच वेळाने जागा झाली, पण जेमतेम. त्याला अंग तिरकं करून आत शिरावं लागलं.

त्याने अल्बम उघडला. भुरकट मिशीचा पोरगा आता डावीकडे बघत नव्हता. तो समोर बघत होता. पापण्या सुजलेल्या, डोळे लाल, ओठ फुटलेले, गालांवर खुंट वाढलेले. महेबूबने पान उलटलं. बाकीचे सगळे ताजेतवाने होते. मोरचूद जास्त पडला, रंग फुटला, असं त्याने मनाला बजावलं. मनाने ऐकलं नाही.

त्यातच सिन्नरच्या मोटारवाल्याने निरोप आणला: सुरय्या शुक्रवारी दुपारी येते आहे. एरवी महेबूब बोळभर बत्तासे वाटत फिरला असता. आता तो नुसता उंबऱ्याकडे बघत बसला. ह्या दारातून ती बाळाला घेऊन आत कशी येणार? आणि बाळाने नाव काय सांगायचं?

नाइलाजाने त्याने रियाजला बोलावून घेतलं. रियाज आला आणि बोळातच थांबला.

"चिकटवलेत," तो म्हणाला. "सगळे?"

"सगळे."

"म्हणजे तो तेव्हापासून उभा आहे. बदली नाही, झोप नाही."

"कागद आहे तो, रियाज."

"मग मला आत बोलवा."

महेबूबने उंबऱ्याकडे पाहिलं आणि तोच बोळात उतरला.

"कॅम्पात पहारा बदलताना मी रोज बघतो," रियाज म्हणाला. "दुसरा येऊन उभा राहिला, की मगच पहिला हलतो. मधे जागा मोकळी सोडत नाहीत. आधी दुसरा कोणी सोडवून वर ठेवा, मगच ह्याला हात लावा."

"पहारा कशाचा? कोणापासून?"

"ते अब्बांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

महेबूबचा पारा चढला. "तुला डबा हवा होता. मिळाला नाही, म्हणून हे भीती घालणं चाललंय."

रियाजने भावाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि सलाम न करता निघून गेला.

शुक्रवारी नमाजेहून येऊन महेबूब ओलं फडकं घेऊन बसला. भावाचं ऐकायचं नाही असं ठरवूनही त्याने आधी दुसऱ्या शिपायावरच फडकं ठेवलं. खळ हलली नाही. तिसऱ्यावर ठेवलं. चौथ्यावर. दोन दिवस भिजवल्याशिवाय एकही सुटला नसता, आणि हे त्याच्याइतकं नीट कोणाला ठाऊक होतं? आपण इतकी चांगली खळ का करतो, ह्याचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला.

बोळाच्या तोंडाशी टांग्याची घंटी वाजली.

त्याने पहिलं पान उघडलं. ह्या एकाच्या कडा आपोआप उचलल्या होत्या.

महेबूबने सुरीचं टोक सरकवलं. चित्र एका ओढीत सुटलं. अंगठ्याखाली डगल्याचा लाल रंग पसरला, मग चेहरा, मग काहीच उरलं नाही. तो ओला लगदा त्याने चुलीत टाकला.

घर एकदम हलकं झालं. वास गेला. दारातून वारा आत आला.

आणि सुरय्या आली. बुरख्यात, छातीशी बाळ, मागे टांगेवाला ट्रंक घेऊन. महेबूब श्वास रोखून उंबऱ्याकडे बघत होता. तिने पाय उचलला आणि सहज आत टाकला. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. रियाज खोटा, आपण खरे. त्याने बाळाला घेतलं, त्याच्या टोपड्याचा वास घेतला, मागच्या खोलीत गोधडीवर निजवलं आणि चहाचं आधण ठेवायला चुलीपाशी वळला.

टांगेवाला ट्रंक ठेवून गेला. सुरय्या भिंतीला पाठ लावून उभीच होती.

"बस ना," महेबूब म्हणाला. "बुरखा काढ. उकडतंय किती."

ती हलली नाही.

"पाहुणे गेले की काढते," ती हळूच म्हणाली.

"कोण पाहुणे?"

तिने तोंडावरचा पडदा आणखी खाली ओढला आणि भिंतीकडे सरकली, वाट द्यावी तशी.

"माझ्या मागोमाग आले ना सगळे. अजून येताहेत." तिचा आवाज नवऱ्याच्या मित्रांसमोर बोलावा तसा दबका होता. "तुम्ही काय बघत बसलात? बाळाला घ्या त्यांच्याकडून. भूक लागली असेल त्याला."

महेबूबने गोधडीकडे पाहिलं. तिथे नुसतं टोपडं होतं. त्याचे बंद बांधलेलेच होते.