कुंकवाखालची सीडी

कुणी हातही न लावलेली सीडी खराब कशी होईल? आमच्या देव्हाऱ्यातल्या सीडीवर एक ओरखडा नव्हता. चाळीस वर्षांत ती कुणी वाजवली नव्हती. यंदा खंडेनवमीला मी हट्टानं ती मागून घेतली, आजोबांच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली, आणि आमचा यंत्रमानव टकू म्हणाला, "शाल्मली, वाचता येत नाही."

मला रडूच फुटलं. ती सीडी माझ्या आजीनं बनवली होती. मुलांना नक्षत्रं ओळखायला शिकवणारा खेळ, आणि त्यात बोलणारा आवाज आजीचा. फोनवर ऊठसूट चित्रफिती काढायचे दिवस यायच्या आतच ती गेली. मी तिला कधीच ऐकलेलं नाही.

आणि आजोबा कोण? जुन्या नोंदींच्या संग्रहालयातले नावाजलेले तज्ज्ञ! लोकांच्या चाळीस हजार सीडी-डीव्हीडींच्या त्यांनी 'इमेज' (अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवलेली एकच फाइल) काढून ठेवल्या.

"आतल्या फाइली नुसत्या उतरवल्या असत्या तर?" मी विचारलं.

"तर हा खेळ चालला नसता. सुरू होताना तो आधी डिस्क शोधतो," आजोबा म्हणाले. "फाइली उतरवणं म्हणजे घरातलं सामान टेम्पोत भरून आणणं. इमेज म्हणजे अख्खं घरच. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, रिकामे कोपरे कुठले, सगळं तसंच. मग संगणकात आभासी ड्राइव्ह (खरा ड्राइव्ह नसताना तो आहे असं भासवणारी सोय) उघडायचा आणि इमेज त्यात ठेवायची. खेळाला वाटतं, डिस्क आत आहे. इमेजच्या हव्या तेवढ्या प्रती काढा, खरी सीडी हरवली तरी बिघडत नाही."

"मग आजीच्या सीडीची इमेज का नाही काढलीत?"

"देव्हाऱ्यातली वस्तू मशीनमध्ये घालायला हात धजला नाही गं."

टकूला कधी गप्प बसावं ते कळत नाही. त्यानं सीडी खिडकीसमोर धरली. मधल्या भोकाभोवती सुईच्या टोकाएवढी कितीतरी छिद्रं उजळली.

"सगळ्यांना वाटतं, जपायची ती चकचकीत बाजू," तो म्हणाला. "पण माहितीवरचा धातूचा थर छापील बाजूला असतो. त्यावर फक्त पातळ रोगण. तिथून ओल शिरली की धातू खाल्ला जातो. आणि वाचायला सुरुवात भोकाजवळूनच होते. इथे दरवर्षी ओलं काय लावत होतात?"

दर खंडेनवमीला आजोबा त्या भोकाशेजारी पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवायचे. शेजारी मीही हात जोडून उभी असायचे.

"लोकांच्या चाळीस हजार वाचवल्यात, आणि आजीची एक तुम्हीच घालवलीत!" मी ओरडले. आजोबा खाली मान घालून बसून राहिले. मला त्यांची दया आली नाही, खरंच सांगते.

टकू दुपारभर त्या सीडीशी झटत होता. जेवढं वाचलं गेलं तेवढ्याची त्यानं इमेज काढली आणि न वाचलेल्या जागा कोऱ्या ठेवल्या. खेळ सुरू झाला नाहीच. आवाजाचा एकच तुकडा शाबूत निघाला. उत्तर चुकल्यावर आजी जे म्हणायची, त्याचा. शाबासकी कुंकवाखाली गेली होती.

"अशा पाचशे सीडी शाळांना वाटल्या होत्या," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले. "दुसरी सापडली तर तिच्यातून या कोऱ्या जागा भरता येतील."

मी इमेजच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आणि शाळांची यादी करायला घेतली. आजोबांनी तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. आजी प्रत्येक वेळी तेवढ्याच मायेनं सांगत होती,

"चुकलं हं. पुन्हा नीट बघ."